बिभीषण नॉट रिचेबल

"दाताच्या डॉक्टरला काय भ्यायचं? शाळेत असताना माझा दात मी सोता काढलेला हाय. दोरा बांधून, दार आपटून!"

बिभीषण गव्हाणेनं हे वाक्य 'निवांत मंडळ' या ग्रुपवर टाकलं आणि त्याखाली दंडाच्या बेडक्या फुगवलेलं चित्र चिकटवलं. खरं म्हणजे तो दात एका बोकडानं ढुशी मारल्यामुळे पडला होता आणि बिभीषण त्यानंतर दोन तास आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होता. पण ग्रुपवर बोकडाला कुणी साक्षीला बोलावत नाही!

हे निवांत मंडळ जमलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. शेळीपालनाचा एक व्हिडिओ होता. त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, 'माझी शेळी भिंत का चाटते?' त्यावर उत्तरं देता देता चार माणसं गप्पांना लागली. शेळीनं भिंत चाटायचं कधीच सोडलं, यांच्या गप्पा काही थांबल्या नाहीत. भिंगारचा अलीम शेळ्या-बोकडांचा व्यापारी. नुसता दातांचा फोटो बघून तो जनावराचं वय सांगायचा. निकिता नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. तिच्याकडे शेळी नव्हती, एक मांजर होतं आणि तोंडभर किडलेले दात. तिसरा पळसझिऱ्याचा काकासाहेब, म्हणजे ग्रुपचा ॲडमिन. आणि चौथा त्याच गावातला, त्याचा लंगोटीयार बिभीषण. सकाळी जनावरं, दुपारी निकिताचे दात आणि संध्याकाळी राजकारण, असा मंडळाचा रोजचा रतीब होता.

त्या आठवड्यात निकिताचं रूट कॅनाल चाललं होतं. बिचारी घाबरून गेली होती. "भाऊ, ती सुई बघूनच माझे पाय लटपटतात," असं तिनं लिहिलं की बिभीषणाला चेव यायचा. "सुईला भिता? आमची शेळी सुद्धा लस घेताना रवंथ करत असती!" एकदा तर त्यानं तिला सल्ला दिला की डॉक्टरकडे जाताना माझा फोटो मोबाईलवर लावून जा, धीर येईल. निकितानं हात जोडले. अलीम हसून लोळला. काकासाहेबानं लिहिलं, "आमचा बिभीषण म्हंजे वाघ!"

आता वाघाच्या गावाकडे येऊ. पळसझिरे हे सुप्याजवळचं गाव. तिथं नुकतीच ग्रामपंचायतीची निवडणूक झाली होती. लंकाबाई थेट लोकांतून सरपंच झाल्या होत्या. त्या ना या गटाच्या, ना त्या गटाच्या. सदस्यांत मात्र सरळ दोन गट पडले होते, एक काकासाहेबाचा आणि दुसरा हनुमंताचा. बिभीषण काकासाहेबाच्या पॅनेलमधून निवडून आला होता. उपसरपंचाची निवड व्हायची होती, काकासाहेब आणि हनुमंत दोघंही गुडघ्याला बाशिंग बांधून होते आणि सगळा खेळ एका मताचा होता. काकासाहेबानं तर उपसरपंचाला शोभेल असं जाकीट शिवून घेऊन ते इस्त्री करून खुंटीला टांगलं होतं. आल्या-गेल्याला तो ते दाखवायचा.

हनुमंतानं रीतीप्रमाणे आपले सदस्य सहलीला नेले. गाडी कोकणात, फोन हनुमंताच्या पिशवीत आणि सदस्य समुद्रात! निवडीच्या दिवशी थेट सभेलाच आणायचे, म्हणजे मधल्या मधे कुणी पळवायला नको. काकासाहेबाला सगळ्यांनी सांगितलं, तूही ने बाबा कुठंतरी. पण तो छाती काढून म्हणाला, "मला सहलीची गरज न्हाई. माजी मानसं इस्वासाची हायती. फकस्त फोन चालू ठेवा, म्हंजे झालं." मग बिभीषणाच्या खांद्यावर हात टाकून तो हळूच म्हणाला, "लेका, तुजं नाव बिभीषण असलं तरी तू माजा हायेस. व्हय ना?"

हे नाव म्हणजे बिभीषणाच्या जन्माचं दुखणं होतं. आजोबांनी मोठ्या भक्तिभावानं ठेवलं होतं. पण रावणाला सोडून गेलेल्या भावाचं नाव घेऊन राजकारणात शिरणं म्हणजे काय, हे त्याला पॅनेल बसतानाच कळलं होतं. चहा प्यायला दुसऱ्याच्या ओट्यावर बसला तरी लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. म्हणून त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं, काय वाटेल ते होवो, पण काकासाहेबाला आपण दगा द्यायचा नाही.

आणि निवडीच्या आदल्या संध्याकाळी त्याची अधूनमधून कुरकुरणारी दाढ जोरात ठणकायला लागली!

आधी त्यानं लवंग धरली. मग तुरटीच्या गुळण्या केल्या. मग बायकोनं, अश्विनीनं, हिंग भरला. दाढेनं लवंग, तुरटी आणि हिंग तिन्ही पचवले आणि दुप्पट जोरानं ठणका सुरू केला. सकाळी आरशात बघितलं तर डावा गाल असा टम्म फुगलेला, की आत कुणीतरी लिंबू ठेवलं असावं. सभा दुपारी होती. बिभीषणानं तोंड उघडून 'काकासाहेब' म्हणून बघितलं आणि मटकन खाली बसला.

"अहो, सुप्याला जाऊन या की. तिथं दाताची डॉक्टरीन हाय," अश्विनी म्हणाली.

"नाव काढू नगंस!"

"आन् मग सभेत काय तोंड धरून बसनार?"

डॉक्टरकडे जायचं नुसतं मनात आलं तरी बिभीषणाच्या तळहातांना घाम फुटत होता. पण दाढ ऐकेना. शेवटी त्यानं कपाटातला नवा शर्ट काढला, कारण परतताना थेट सभेलाच जायचं होतं. गाल दिसू नये म्हणून तोंडाभोवती उपरणं गुंडाळलं. आणि अश्विनीला देवासमोर उभं केलं.

"शप्पत घे. मी कुटं गेलो ते कुनाला सांगायचं न्हाई."

"दवाखान्यात गेलात, यात लपवायचं काय?"

"ग्रुपवर समजलं तर ती निकिता मला जित्ता सोडायची न्हाई! काकासाहेबाला बी सांगायचं न्हाई. त्याला सकाळी कळलं की तो दुपारी ग्रुपवर टाकतो."

अश्विनीनं कपाळाला हात लावला, पण शपथ घेतली. बिभीषण फटफटीवर बसला. तिच्या मागच्या मडगार्डवर त्यानं हौसेनं लाल अक्षरांत 'बोकडमालक' असं लिहून घेतलं होतं. सबंध पारनेर तालुक्यात अशी दुसरी गाडी नव्हती. लपून जाणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं, पण ठणक्यापुढे कुणाला काय सुचतं!

दवाखाना रस्त्यालगतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. खाली हॉटेल होतं. बिभीषणानं गाडी लावली, मान वर केली आणि तो तसाच गाडीआड वाकला. हॉटेलासमोर सहलीची गाडी उभी होती आणि आत हनुमंताचे सदस्य उन्हानं रापलेली तोंडं घेऊन मिसळ खात बसले होते! त्यानं उपरणं डोळ्यांपर्यंत ओढलं आणि भिंतीला पाठ लावून, तिरका तिरका चालत जिना गाठला. वर पोहोचेपर्यंत त्याचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता.

डॉक्टर शबनम वयानं लहान, पण बोलायला सडेतोड होत्या. त्यांनी त्याला खुर्चीवर आडवं केलं, त्याचा चष्मा काढून बाजूला ठेवला आणि तोंडात आरसा घातला.

"कधीपासून दुखतंय, काका?"

"दिवाळीपासनं."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"लवंग."

"ही दाढ राहण्यासारखी नाही. काढावी लागेल." त्यांनी सुई भरायला घेतली. बिभीषणाला चष्म्याशिवाय ती सुई सळईएवढी दिसली.

"मॅडम, जरा खाली जाऊन येऊ का?"

"परत याल?"

बिभीषणानं खरं ते सांगितलं. "न्हाई."

"मग पडून राहा," असं म्हणून त्यांनी सुई टोचलीसुद्धा! त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यानं आजवर फक्त बोकडांच्या तोंडून ऐकला होता. लाजेनं त्याचे कान तापले.

तेवढ्यात त्याच्या छातीवर ठेवलेला फोन टणटण करायला लागला. ग्रुपवर सकाळची वर्दळ सुरू झाली होती. अलीमनं कुठल्याशा बोकडाचे दात पाठवले असतील, निकितानं मांजर पाठवलं असेल, काकासाहेबानं 'आज आपला दिवस' म्हणून हार-फुलं पाठवली असतील. टण! टण! टण!

"काका, तो आवाज बंद करा आधी. माझा हात हलेल," डॉक्टर म्हणाल्या.

हात हलेल म्हटल्यावर बिभीषण गारठलाच! त्यानं घाईघाईनं फोन तोंडासमोर धरला. डोळ्यावर चष्मा नाही, अर्धं तोंड बधिर, अंगठा घामानं निसरडा. ग्रुपचा आवाज बंद करायचा म्हणून त्यानं एक बटण दाबलं. फोननं काहीतरी विचारलं. ते वाचता आलं नाही, तेव्हा सभ्य माणसासारखं त्यानं 'होय' दाबलं. मग डॉक्टरांनीच फोन घेतला, पूर्ण बंद केला आणि ट्रेमध्ये ठेवून दिला. बिभीषणानं सुटकेचा श्वास टाकला.

त्यानं आवाज बंद केलाच नव्हता. तो ग्रुपमधून बाहेर पडला होता!

निवांत मंडळातून कोण बाहेर पडलं, हे फक्त ॲडमिनला दिसतं. आणि ॲडमिन होता काकासाहेब. खुंटीवरचं जाकीट अंगात चढवून, आरशासमोर उभा राहून तो फोन बघत होता. निवडीच्या दिवशी, सभेच्या तोंडावर, बिभीषण ग्रुप सोडून गेला! त्यानं ताबडतोब फोन लावला. तिकडून बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्कक्षेत्राबाहेर आहे. आता आपल्याकडे ग्रुप सोडणं म्हणजे काय आणि नॉट रिचेबल होणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. काकासाहेब तसाच जाकीट घालून बिभीषणाच्या घरी धावला.

हे सगळं बिभीषणाला नंतर कळलं. त्या वेळी तो खुर्चीत आडवा होता आणि खालून हॉटेलातून एक आवाज येत होता. "आरं, ही बिभीषनची फटफटी न्हवं का? बोकडमालक!"

"त्याचीच की! पन बिभीषन हितं कशाला आलाय?"

"आपल्याकडंच आला आसंल! हनुमंतअण्णांना हाक मार!"

बिभीषणाला उठायचं होतं, पण डॉक्टरांचा सांडस दाढेवर बसला होता आणि डोक्यावर दिव्याचा झोत होता. जिन्यावर पावलं वाजली. एक दोन नव्हे, सगळी सहल वर आली! दारात हनुमंत उभा, पांढरेशुभ्र कपडे, कोकणातली टोपी आणि तोंडभर हसू.

"बिभीषनराव! आवो, सांगायचं तरी हुतं! आमी गाडी पाटवली आसती की!"

"ऑं! ऑंऑं!" बिभीषण म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, मी तुमच्याकडे आलेलो नाही.

"बघा, गहिवरून आलं मानसाला," हनुमंत मागे वळून म्हणाला. "मॅडम, आमचा मानूस हाय. जपून काढा!"

"तुम्ही सगळे बाहेर व्हा आधी!" डॉक्टर कडाडल्या.

"ह्यो चाललो. येकच फोटो!"

हनुमंतानं खुर्चीमागे जाऊन बिभीषणाच्या खांद्यावर हात ठेवला. बिभीषणानं जिवाच्या आकांतानं दोन्ही हात वर करून हलवले. नको! नको! नको! फोटोत मात्र ते हात असे आले, की माणूस जनतेचं अभिवादन स्वीकारतोय असंच वाटावं. हनुमंतानं तो फोटो जिना उतरता उतरताच गावभर पाठवला. खाली 'पळसझिऱ्यात परिवर्तनाचे वारे!' एवढंच लिहिलं.

बिभीषण खुर्चीतून उठायला लागला. डॉक्टरांनी त्याला कपाळावर एक बोट ठेवून परत झोपवलं.

"अर्धी दाढ बाहेर आहे, अर्धी आत. अशी घेऊन जाणार आहात?"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुखत म्हणाल तर काही दुखत नव्हतं. पण काकासाहेबाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. लहानपणी विहिरीत पडला तेव्हा काकासाहेबानंच त्याला शेंडीला धरून वर काढलं होतं. आणि आज तो कुठंतरी उभा राहून हा फोटो बघत असेल! दाढेचं मूळ वाकडं होतं. डॉक्टर ओढत होत्या, घासत होत्या, पुन्हा ओढत होत्या. बिभीषणाला वाटलं, आता एक तर दाढ तरी निघेल नाही तर प्राण तरी, पण जे काय निघायचं ते लवकर निघू दे.

शेवटी दाढ निघाली. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाताखाली दिला. "घट्ट धरून ठेवा. बोलायचं नाही, थुंकायचं नाही. पुढच्या आठवड्यात या, उजवीकडची पण तशीच आहे." दाढ कागदात गुंडाळून त्यांनी त्याच्या खिशात घातली.

त्यानं चष्मा लावला आणि फोन चालू केला. निवांत मंडळ कुठंच दिसेना! वर शोधलं, खाली शोधलं. मंडळ गायब! तेवढ्यात निकिताचा खासगी निरोप आला. "भाऊ, तुम्ही ग्रुप का सोडला? मी रोज रोज दातांचं रडगाणं लावते म्हणून का? यापुढे नाही लिहिणार, पण परत या." खाली रडका चेहरा होता. मग अलीमचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "बिभीषनभाई, राजकारन गेलं खड्ड्यात. काकासाहेब म्हनतो तुमी फुटले. मी म्हनलं, शक्यच न्हाई. मग त्यानं फोटो टाकला. भाई, त्या फोटोत तुमी लई खूश दिसता!"

आणि काकासाहेबाचा एकच शब्द होता. 'धन्यवाद.'

एक वेळ त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हा 'धन्यवाद' वाचून बिभीषणानं जिन्यावरूनच फोन लावला.

"काऑआहेऑ! ई उऊऊओ! ऑक्ऑ!" मी सुप्याला, डॉक्टरकडं, असं ते होतं.

पलीकडून काकासाहेबाचा मोडलेला आवाज आला. "सकाळीच पाजली व्हय रं त्यांनी? आता बोबडी बी वळाया लागली तुजी?" आणि फोन कट झाला. परत लावला तर लागेना. मग त्यानं लिहिलं, 'मी तुझाच आहे. येतोय.' त्या निरोपाला एकच बरोबरची खूण आली आणि दुसरी काही येईना. काकासाहेबानं त्याला ब्लॉक केलं होतं.

मग बिभीषणानं फटफटी जी सोडली ती पळसझिऱ्यातच थांबवली. प्रत्येक खड्ड्याला जबडा कवटीपासून सुटल्यासारखा वाटत होता. पण तो थांबला नाही. मत द्यायचं! तोंडानं बोलता येत नसलं म्हणून काय झालं, हात तर वर करता येतो! हात वर केला की सगळा गैरसमज फिटेल, काकासाहेब उपसरपंच होईल, गळ्यात गळा घालून दोघं रडतील. मग हार, पेढे आणि हलगी! पेढा आपल्याला खाता येणार नाही, एवढंच त्याला वाईट वाटत होतं.

ग्रामपंचायतीसमोर ही गर्दी! अश्विनी रडकुंडीला येऊन दारातच उभी होती. त्याला बघताच ती धावत आली.

"अहो, मी शप्पत मोडली न्हाई! काकासाहेबभावजी आले, पाया पडाया लागले, कुटं गेला म्हनून. मी कायबी सांगितलं न्हाई. नवा शर्ट घालून, तोंड झाकून गेलेत, इतकंच म्हनाले!"

बिभीषणानं आकाशाकडे बघितलं. इतकी शपथ पाळणारी बायको कुणाला मिळू नये! तो गर्दीतून वाट काढत आत घुसला.

आत सगळे बसले होते. मधोमध लंकाबाई, शेजारी ग्रामसेवक. बिभीषण दारात उभा राहिला. गाल सुजलेला, ओठ एका बाजूला लोंबकळतोय, नव्या शर्टावर लाल डाग. काकासाहेबानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्याच्या अंगात जाकीट नव्हतं.

जाकीट हनुमंताच्या अंगात होतं!

"ये बाबा, बस," लंकाबाई म्हणाल्या. "उशीर केलास. येकच अर्ज आलाय, हनुमंताचा. सूचक, काकासाहेब."

बिभीषणाला वाटलं, भुलीचं औषध डोक्यात चढलं. त्यानं काकासाहेबाकडे बघितलं. काकासाहेब खिडकीबाहेर बघत होता. मग आजूबाजूची कुजबुज ऐकून हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. बिभीषण गेला म्हणजे खेळ संपला, हरण्यापेक्षा हात मिळवलेला बरा, असं म्हणून काकासाहेबानं फोटो बघितल्या बघितल्या हनुमंताला गाठलं होतं. गावाच्या एकोप्यासाठी माघार घेतली होती. बदल्यात त्याला तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद मिळणार होतं. आणि एकोप्याची खूण म्हणून त्यानं आपल्या हातानं हनुमंताला जाकीट घातलं होतं. ते हनुमंताला पोटावर बसत नव्हतं, पण त्यानं श्वास धरून बटणं लावली होती.

"कुनाचा इरोध हाय का?" लंकाबाईंनी विचारलं.

बिभीषणाचा हात ताठ वर गेला.

"तुजा?" हनुमंत खुर्चीतून अर्धा उठला. एक बटण तुटून टेबलावर पडलं. "आवो बिभीषनराव, सकाळी तर फोटो काडला आपन!"

"ऑंहऑ! ऑऑऑ!" बिभीषण टेबलावर हात आपटत म्हणाला. बोळा निसटला आणि ग्रामसेवकाच्या कागदावर जाऊन पडला. ग्रामसेवक किंचाळला.

"काय म्हनतोय ह्यो?" लंकाबाईंनी विचारलं.

"काय की," ग्रामसेवक खुर्ची मागे सरकवत म्हणाला.

"लिवून घ्या. श्री. बिभीषन गव्हाने यांचा इरोध. हनुमंत बिनइरोध. सभा संपली!"

बाहेर हलगी वाजायला लागली. काल रात्रीपर्यंत एकमेकांची तोंडं न बघणारे दोन्ही गट एकमेकांना गुलाल लावत होते. सबंध पंचायतीत विरोधी सदस्य म्हणून एकटा बिभीषण उरला होता, तोही ज्याच्यासाठी विरोध केला त्याच्याच विरोधात!

तो पंचायतीच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसला. बधिरपणा उतरत होता आणि दुखणं पावलापावलानं परत येत होतं. थोड्या वेळानं काकासाहेब तिथं आला. गुलालानं माखलेला, पण तोंड उतरलेलं.

"का रं असं केलंस?" तो म्हणाला. "जायचं हुतं तर मला सांगून जायचं. मी काय धरून ठिवलं हुतं तुला?"

बिभीषणानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. काकासाहेबानं ती उलगडली. आत वाकड्या मुळाची ती दाढ होती. काकासाहेबानं दाढेकडे बघितलं. मग बिभीषणाच्या गालाकडे. मग पुन्हा दाढेकडे.

"म्हंजे... तू..."

"ऑं," बिभीषण म्हणाला.

"तरी ती डॉक्टरीन... फोटोत दिसत हुती मागं..." काकासाहेब धपकन खाली बसला. "आरं, मग सांगायचं न्हाई का? दवाखान्यात चाललो म्हनून?"

"ल्हाऽऽज," बिभीषणानं कसंबसं उच्चारलं. "ग्रुपऑ... भीत न्हाई म्हनलो हुतो. लई भ्यालो, काऑआहेब. बोकडागत वरडलो."

काकासाहेबाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला वाटलं तू फुटलास, म्हनून मी फुटलो रं!" त्यानं बिभीषणाचा हात धरला. बिभीषणाला इतकं हलकं वाटलं, की दाढ दुखायची थांबली म्हणून त्यानं जीभ लावून बघितली. थांबली नव्हती.

मग काकासाहेबानं हात सोडला आणि इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला.

"बिभीषणा, येक आयकशील? ही दाढ कुनाला दावू नगंस."

"का?"

"आरं, तू फुटलाच न्हाई असं गावाला कळलं, तर फुटला कोन? मीच की! तंटामुक्तीचा अध्यक्ष म्हनून कुठल्या तोंडानं बसू? तू फुटलास असंच ऱ्हाऊ दे. तुजं नावच बिभीषन हाय, लोकान्ला काय इशेष वाटायचं न्हाई. आन् माजं बी झाकून जाईल, तुजं बी. तू डॉक्टरला भ्यालास, ह्ये मी ग्रुपवर मरस्तोवर सांगायचो न्हाई."

बिभीषण विचारात पडला. एका बाजूला सबंध गाव दगलबाज म्हणणार, दुसऱ्या बाजूला एकटी निकिता भित्रा म्हणणार. त्यानं फार वेळ घेतला नाही.

"चालंल," तो म्हणाला. "पन माजी येक अट हाय."

"सांग! काय पायजे ती!"

"फुडल्या आठवड्यात उजवीकडची काढायची हाय. तू संगं यायचंस. खुर्चीपाशी उभं ऱ्हाऊन माजा हात धरायचास."

काकासाहेबाच्या तोंडावरचा गुलाल तेवढा लाल राहिला, बाकी सगळा चेहरा पांढरा पडला. "आत?" त्यानं विचारलं. "म्हंजे, त्या सुईच्या... पार जवळ?"

"जवळ म्हंजे जवळच."

काकासाहेब उठून उभा राहिला. त्यानं दाढ नीट पुडीत बांधली, बिभीषणाच्या खिशात परत घातली आणि हलगीच्या दिशेनं तरातरा चालायला लागला.

"आरं, कुटं निगालास?" बिभीषण ओरडला.

"गावाला खरं काय ते सांगून टाकतो!"